‘ईस्ट इंडियन’ ह्या नावाची कुळकथा

ज्युबिलीच्या वर्षी आनंदोत्सव करावा, देवाच्या उपकारांचे स्मरण करावे, दिवंगत धर्मगुरूंची आणि वडीलधाऱ्यांची नावे कृतज्ञतेने घ्यावी, ही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. परंतु ज्युबिलीचा मूळ शास्त्रार्थ ह्याहून पुष्कळ कठोर आहे. लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस जी आज्ञा झाली ती अशी की, पन्नासावे वर्ष आले म्हणजे विकली गेलेली वतनजमीन मूळ कुळास परत जावी आणि दास्यात पडलेला मनुष्य आपल्या घरी परतावा. म्हणजे ज्युबिली हे हिशेब तपासण्याचे वर्ष होय. ज्या नावांनी आपण परस्परांस ओळखतो, त्या नावांचाही अशा प्रसंगी एकदा हिशेब पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

रविवारची मिस आटोपून मंडळी देवळाच्या अंगणात उभी राहिली आणि त्यांत एखादे नवीन कुटुंब दिसले, की एक प्रश्न हटकून विचारला जातो : “तुम्ही कोणांपैकी?” उत्तर येते : ईस्ट इंडियन, गोंयकार, मंगळूरकर, मल्याळी, तमिळ, आदिवासी. प्रश्न विचारणाराच्या मनात बहुधा काही वाईट नसते. तथापि उत्तर कानी पडताच त्याच्या मनात एक शिडी उभी राहते, आणि समोरच्या कुटुंबास तिच्या कोणत्या पायरीवर बसवावे ह्याचा निवाडा क्षणार्धात होऊन जातो. पुढे सोयरीक जुळविताना किंवा सणाचे मानकरी निवडताना तो निवाडा हळूच डोके वर काढतो.

वरील नावांपैकी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव सर्वांत चमत्कारिक आहे. हे लोक राहतात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर, आणि नाव मात्र पूर्वेचे. आडनावे पोर्तुगीज, ओव्या मराठी आणि समाजाचे नाव इंग्रजी! हा घोळ कसा झाला हे समजून घेतले, म्हणजे नावाने मनुष्यास काय मिळते आणि त्याच्यापासून काय हिरावले जाते, हेही आपोआप उमगते.

भिवंडीस उभे राहून ह्या इतिहासाकडे पाहणे सोयीचे आहे; कारण भिवंडी त्या मुलखाच्या ऐन शिवेवर होती. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने वसई व तिच्याखालचा प्रदेश पोर्तुगिजांस दिला. साष्टी बेट त्यातच गेले. कशेळीची खाडी ओलांडून पलीकडे बाळकुमास पाय ठेवला, की पोर्तुगीज अंमल सुरू होई. अलीकडचे कल्याण व भिवंडी मुसलमानी सत्तांकडे राहिले आणि १६५७ साली शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी घेतली. खाडीपलीकडच्या मुलखास मराठी कागदपत्रांत ‘फिरंगाण’ म्हणत. ‘फिरंगी’ हा शब्द मूळचा ‘फ्रँक’, म्हणजे युरोपातील एका लोकसमूहाचे नाव. अरबी-फारसीच्या वाटेने तो आपणांकडे आला आणि प्रथम पोर्तुगिजास व पुढे सरसकट गोऱ्या मनुष्यास लागला. फिरंग्यांच्या धर्माचा म्हणून खाडीपलीकडचा कोळी किंवा कुणबीही शेजाऱ्यांच्या तोंडी ‘फिरंगी’ झाला. त्याचे शेत, त्याची होडी, त्याची बोली, सारे काही येथलेच होते. परके झाले ते केवळ नाव.

वास्तविक ख्रिस्ती धर्म ह्या खाडीच्या काठी पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी आलेला होता. सहाव्या शतकातील कॉस्मस नामक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणात दीक्षा झालेला एक बिशप असल्याचे नमूद केले आहे, आणि हे गाव म्हणजे आपले कल्याण होय असे बहुतेक विद्वान मानतात. १३२१ साली ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधूंस हौतात्म्य आले, तेव्हाही तेथे नेस्टोरियन पंथाची काही घरे होती. त्या जुन्या ख्रिस्ती लोकांचे वंशज आज कोण, हे सांगता येणार नाही. परंतु ख्रिस्ती म्हणजे फिरंगी, हे समीकरण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, एवढे ह्यावरून निश्चित होते.

पोर्तुगीज अंमलात वसई-साष्टीत फ्रान्सिस्कन, जेझुइट व इतर संघांच्या साधूंनी पुष्कळ लोकांस बाप्तिस्मा दिला. त्या वेळी पोर्तुगीज नाव व आडनाव मिळे. डिसोझा, परेरा, डिमेलो, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावे आपल्याकडे आली ती रक्ताने आली नाहीत; बाप्तिस्मा देणारे धर्मगुरू, धर्मपिता किंवा आश्रयदाता ह्यांच्याकडून ती आली. वसईतच जन्मलेला आणि १५९७ साली जपानातील नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारा संत गोन्सालो गार्सिया हा ह्या मिश्र जगाचाच पुत्र. १८६२ साली त्यास संतपद देण्यात आले.

नाव बदलले, तरी जात मात्र देवळाच्या दाराशी थांबली नाही. कोळी कोळीच राहिला, भंडारी भंडारी, वाडवळ वाडवळ. वसईच्या उत्तरेकडील सामवेदी ख्रिस्ती आपल्या बोलीस कादोडी म्हणतात आणि स्वतःस ‘कुपारी’ म्हणवितात. धर्मपिता आणि बालकाचा जन्मदाता ह्यांच्यातील नात्यास पोर्तुगीज भाषेत ‘कोंपाद्र’ म्हणतात, त्यावरून ‘कुपारी’ शब्द निघाला असे मानण्यात येते. बाहेरच्यांनी ह्या सर्वांस एकच नाव दिले, ते ‘किरिस्ताव’. तेही पोर्तुगीज ‘क्रिस्तांव’ शब्दाचेच मराठी रूप होय. गावकऱ्याच्या तोंडी ह्या शब्दास एक विशिष्ट वास येई, अनवाणी पायांचा व मासळीच्या पाटीचा. शहरातील शिकलेल्या ख्रिस्ती मनुष्यास तो पुढे नकोसा झाला, ह्याचे कारण ह्या वासातच शोधावयास हवे.

हे लोक आपला देव कोणत्या भाषेत आळवीत होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. गोव्यास राहून त्यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले, ते मराठी ओवीत. फ्रान्सिस्को वाझ दी गिमारायश ह्यांचे प्रभूच्या दुःखभोगावरील पुराण १६५९ सालचे. ते तर आपल्याच उत्तर कोकणच्या बोलीला धरून आहे, आणि पिढ्यानुपिढ्या उपवासकाळात ते घरोघर गाइले गेले. ज्यांस सरकारदरबारी पुढे ‘पोर्तुगीज’ म्हणण्यात आले, ते लोक प्रभु येशूचे मरण मराठीत रडत होते!

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. ज्यांना जाणे शक्य होते असे पोर्तुगीज अधिकारी, धनिक व साधू गोव्याकडे निघून गेले. मागे राहिले ते जमिनीला व समुद्राला बांधलेले गरीब ख्रिस्ती. ‘फिरंगी’ राज्य बुडाले, तरी ‘फिरंगी’ हे नाव त्यांच्या कपाळी तसेच राहिले. मुंबई बेट १६६१ च्या विवाहतहाने इंग्रजांकडे गेलेले होतेच. १७७४ च्या अखेरीस ठाणे व साष्टी इंग्रजांनी घेतली, आणि १८१७–१८ च्या सुमारास वसई-भिवंडीसह सर्व उत्तर कोकण त्यांच्या हाती आले. इंग्रज अधिकाऱ्याने ही पोर्तुगीज आडनावे पाहिली आणि आपल्या वहीत निःशंकपणे लिहिले, ‘पोर्तुगीज’. ज्या लोकांच्या आजानेही लिस्बन पाहिले नव्हते, ते अशा रीतीने कागदावर परदेशी झाले.

काही काळ ह्या चुकीत तोटा नव्हता. मुंबईच्या कचेऱ्यांत, गोदीत व व्यापारी पेढ्यांत इंग्रजी लिहू-वाचू शकणाऱ्या कारकुनांची गरज होती. टोपी-पाटलोण घालणारा, इंग्रजी जाणणारा ‘पोर्तुगीज’ ख्रिस्ती साहेबास जवळचा वाटे. १८५३ साली ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि नोकरीची क्षेत्रे वाढली. येथे एक मौज सांगण्याजोगी आहे. ज्या ‘पगारा’साठी हे सर्व चालले होते, तो ‘पगार’ शब्दही आपण पोर्तुगिजांकडूनच घेतला आहे. पाव, चावी, पाद्री आणि नाताळ ह्या शब्दांप्रमाणे तोही मराठीत असा मुरला, की त्यास कोणी फिरंगी म्हणत नाही. शब्दास जे सुख लाभले ते माणसास लाभले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याहून मुंबईकडे येणारांचा ओघ वाढला. गोमंतकीय बांधव आचारी, शिंपी, खलाशी, वाजंत्री म्हणून आले, तसेच कारकून व डॉक्टर म्हणूनही आले. गावोगावच्या मंडळींनी आपापले ‘कूड’ काढले आणि एकेका खोलीत अनेक जण राहू लागले. त्यांची आडनावेही डिसोझा, परेरा आणि डिमेलोच होती. साहेबास दोघेही ‘पोर्तुगीज’. मात्र कायद्याच्या दृष्टीने एक पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन होता व दुसरा ब्रिटिश राणीचा. जागा थोड्या, उमेदवार बहुत. तेव्हा दोघांतील भेद दाखविणे मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांस अगत्याचे वाटू लागले.

धर्मकारभारातील दुहीनेही त्यात तेल ओतले. मुंबईत एक देऊळ पोर्तुगालच्या राजाच्या संरक्षणाखालील ‘पाद्रोआदो’कडे, तर शेजारचे देऊळ रोमच्या ‘प्रोपगांदा’कडे, अशी दुहेरी सत्ता होती. १८८६ च्या करारानेही ती मिटली नाही. १९२८ साली ती संपली. एकाच गल्लीतील दोन ख्रिस्ती घरे दोन बिशपांस मानीत, अशा काळात ‘पोर्तुगीज’ ह्या शब्दास राजकीय धार चढावी, ह्यात नवल नाही.

अशा वेळी १८८७ साल उजाडले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीची पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि देशभर तिच्या ज्युबिलीचे समारंभ झाले. त्याच वर्षी मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ‘पोर्तुगीज’ हे नाव टाकून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना केली. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा : मुंबई ही ब्रिटिश राजमुकुटास ह्या देशात मिळालेली पहिल्या जमिनींपैकी एक, तेथील आम्ही मूळचे रहिवासी, आमच्या वाडवडिलांनी ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी केली, सबब बाहेरून आलेल्यांच्या आधी आमचा हक्क. म्हणजे ‘ईस्ट’ हा शब्द दिशेचा नव्हे. तो कंपनीच्या नावातून आला. आपल्या जमातीचे नाव अशा प्रकारे एका ज्युबिलीत जन्मास आले, आणि ती ज्युबिली मोशेच्या शास्त्रातील नव्हती, दरबारातील होती. लेवीयाची ज्युबिली हिरावलेले परत देण्यास सांगते. ह्या ज्युबिलीत दुसऱ्याच्या आधी आपणांस मिळावे, अशी विनंती होती.

ह्या नावात आणखी एक गुंतागुंत होती. ‘ईस्ट इंडियन’ हा शब्द १८८७ साली नवा नव्हता. कलकत्त्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपियन व हिंदी अशा मिश्र रक्ताच्या लोकांस हे नाव होते. कवी हेन्री डिरोझिओ त्यांच्यापैकीच; १८३१ साली त्याने काढलेल्या वर्तमानपत्राचे नावच ‘ईस्ट इंडियन’ असे होते. त्याच समाजाचे गाऱ्हाणे घेऊन जॉन रिकेट्स हे विलायतेस गेले आणि १८३० साली पार्लमेंटपुढे त्यांनी आपली बाजू मांडली : बापाच्या नात्याने आम्हांस युरोपियन मानीत नाहीत, आईच्या नात्याने हिंदीही मानीत नाहीत, मग आम्ही कोण? पुढे त्या समाजाने ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव पसंत केले, आणि १९११ च्या खानेसुमारीत ते अधिकृत झाले. एकाने उतरवून ठेवलेला अंगरखा दुसऱ्याने घातला. ह्याचा परिणाम असा, की मुंबईचा ईस्ट इंडियन परप्रांतात आपले नाव सांगे तेव्हा ऐकणारास तो मिश्र रक्ताचा वाटे. परकेपणाचा डाग पुसण्यासाठी जे नाव घेतले, त्यानेच परकेपणाचा नवा संशय निर्माण केला.

आता ह्या नावाच्या वर्गीय अर्थाकडे वळू. ज्यांनी हे नाव प्रथम धारण केले ते मुंबई शहरातील व लगतच्या गावांतील इंग्रजी शिकलेले लोक होते. त्यांनी स्वतःस दोन बाजूंनी वेगळे केले. गोव्याच्या बांधवास त्यांनी ‘उपरा’ ठरविले. आणि त्याच्या बबर्जीखान्यातील चाकरीचा उल्लेख करून त्यास खालच्या पायरीवर बसविले. दुसऱ्या बाजूस उत्तनचा ख्रिस्ती कोळी किंवा वसईचा कुपारी होता. तो धर्माने, वंशाने व बोलीने अगदी जवळचा. परंतु लुगडे नेसणारी, मासळी किंवा भाजी विकणारी त्याची बायको शहरी ईस्ट इंडियन बाईस आपल्या पंक्तीची वाटेना. तो आपला ‘किरिस्ताव’च राहिला. घरी बोली, बाहेर इंग्रजी. आजीचे लुगडे, नातीचा झगा. अशा फरकांवरून एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन वर्गांत गेल्या. उलट गोंयकार व मंगळूरकर मंडळी ईस्ट इंडियनास गावंढळ समजत, आणि आपल्या बामण-चाड्ड्यांच्या घराण्यांचा अभिमान बाळगीत. सारांश, प्रत्येक नावाच्या खाली आणखी एक नाव होते आणि प्रत्येकास पाय ठेवावयास कोणाचा तरी खांदा हवा होता.

तथापि पूर्वजांवर अन्याय करू नये. ज्या काळी सरकार माणसास जमातीच्या नावानेच ओळखत असे, त्या काळी नाव नसणे म्हणजे हक्क नसणे होते. विस्कळीत पडलेल्या गावांना ह्या नावाने एकत्र बसून बोलण्यास जागा दिली, आणि ‘आम्ही ह्या भूमीचे आहो’ हे वाक्य प्रथमच जाहीरपणे उच्चारले. ते वाक्य खरे होते. ते साम्राज्याच्या चौकटीत व दुसऱ्याच्या विरुद्ध उच्चारले गेले, हा त्याचा उणेपणा.

ही चौकट मोडून दाखविणारा मनुष्यही त्याच समाजात निपजला. जोसेफ बॅप्टिस्टा ह्यांचा जन्म १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत झाला. केंब्रिजला कायद्याचे शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी बनले, आणि १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. गिरणीकामगार व टपालखात्यातील शिपाई ह्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी ते झटले. १९२५ साली ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. पण लोकांनी त्यांस दिलेली पदवी होती ‘काका’. ‘आम्ही ह्या भूमीचे’ हेच वाक्य त्यांनीही उच्चारले. मात्र सरकारी नोकरीत प्राधान्य मिळावे म्हणून नव्हे, तर स्वराज्य मिळावे म्हणून. एकाच वाक्याचा अर्थ बोलणाराच्या हेतूने किती पालटतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आपल्या समाजात सापडणे कठीण.

स्वातंत्र्य मिळाल्यावर नावांचा बाजारभाव एकाएकी बदलला. घटना समितीच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ. धर्मावर आधारलेल्या राखीव जागा नकोत, असा निर्णय १९४९ साली घटना समितीने घेतला, आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्यास मनःपूर्वक पाठिंबा दिला. नावाच्या बळावर मिळणारी सवलत आपण होऊन खाली ठेवण्याचा हा प्रसंग आपल्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगा आहे. ‘ईस्ट इंडियन’ ह्या नावाचे पहिले धनी जे अँग्लो-इंडियन, त्यांस लोकसभेत व विधानसभांत नियुक्त जागा होत्या. त्या जानेवारी २०२० मध्ये संपल्या.

मात्र नावाचे ओझे सर्वांच्याच खांद्यांवरून उतरले असे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठरल्या. पुढे १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. अनुसूचित जमातींस धर्माची अशी अट नाही; म्हणून वारली किंवा कातकरी ख्रिस्ती झाला तरी कायद्याने तो आदिवासीच राहतो. म्हणजे एका बाकावर बसणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचा हक्क बाप्तिस्म्याने जातो व दुसऱ्याचा जात नाही. नाव ही केवळ मानापमानाची बाब आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

इकडे ‘ईस्ट इंडियन’ ह्या शब्दानेही आपला मार्ग बदलला. मुंबई वाढली, शेते व वाड्या बांधकामाखाली गेल्या, आणि साष्टीची गावठाणे उंच इमारतींच्या पायाशी चेपली गेली. तेव्हा गावठाण राखण्यासाठी जे पुढे आले, त्यांस इंग्रजी कारकुनीचा अभिमान उपयोगाचा नव्हता; सातबारा, विहीर, क्रूस, कोळीवाडा ह्यांचा पुरावा हवा होता. ज्या लुगड्याची पूर्वी लाज वाटे ते आता सणासमारंभात मानाने नेसले जाते. लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी हौसेने होतो. बाटलीत भरून ठेवावयाचा घरचा मसाला जमातीची खूण झाला आहे. एके काळी कारकुनाने कोळ्यापासून वेगळे दिसण्यासाठी वापरलेले नाव आज कारकुनाचा पणतू कोळ्याच्या जवळ जाण्यासाठी वापरतो. शब्द तोच राहिला, पण त्याची दिशा उलटली.

मराठीशी असलेले नातेही असेच उघड झाले. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांस मिळाले. बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर करणारा हा कुपारी धर्मगुरू मराठी सारस्वताच्या व्यासपीठावर बसला, तेव्हा ‘फिरंगी’ ह्या जुन्या शिक्क्यास जे उत्तर मिळाले, तसे कोणत्याही अर्जाने मिळाले नसते.

आता आपल्या भिवंडीकडे परत येऊ. नावाचा हा प्रवास ख्रिस्ती लोकांपुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या शेजारीच त्याची प्रतिमा आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून जे मुसलमान विणकर येथे येऊन वसले, त्यांस त्यांच्या मुलखात ‘जुलाहा’ म्हणत, आणि त्या शब्दात तुच्छता भरलेली असे. त्यांनी ‘मोमिन’, म्हणजे श्रद्धावान, हे नाव घेतले; ‘अन्सारी’ हे आडनाव लावले, ज्याचा संबंध मदिनेत पैगंबरांस साहाय्य करणाऱ्या ‘अन्सार’ लोकांशी आहे. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले आणि ह्या गावाची कीर्ती देशभर झाली, ती ह्याच लोकांच्या श्रमाने. तालुक्याच्या गावोगावी पसरलेल्या आगऱ्यांचे नाव मिठाच्या ‘आगरा’वरून पडले, तेही कष्टाचेच नाव. जो श्रम करतो त्याच्या श्रमाचे नाव शिवी का होते, आणि ती शिवी झटकण्यासाठी त्यास दूरच्या, उच्च कुळाचे नाव का शोधावे लागते, हा प्रश्न जुलाह्याचा आहे तसाच किरिस्तावाचाही आहे.

आणि नावाच्या शिडीचे रूपांतर भिंतीत झाले म्हणजे काय होते, हे भिवंडीस कोणी शिकवावयास नको. १९७० व १९८४ ह्या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत ह्या गावाने जे दंगे पाहिले, त्यांत माणसास त्याचे नाव विचारून जगू द्यावयाचे की नाही हे ठरविण्यात आले. “तुम्ही कोणांपैकी?” हा प्रश्न देवळाच्या अंगणात मृदु स्वरात विचारला जातो खरा, पण रस्त्यावर तोच प्रश्न हाती शस्त्र घेऊन उभा राहिलेला ह्या गावाने पाहिला आहे. आपण अल्पसंख्य आहो, म्हणून ह्या गोष्टीतून मोकळे आहो, असे मानू नये. शिडी लहान असली तरी ती शिडीच.

मग नावे टाकून द्यावी काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कोळीण आजीची ओवी, कुपाऱ्याची कादोडी, गोंयकाराचे मांडे, मल्याळी बांधवांच्या प्राचीन परंपरेचे स्तोत्र, वारल्यांचा तारपा, ही सर्व देवाच्या घरची संपत्ती आहे, आणि नाव गेले की पुष्कळदा त्याच्यामागून तीही जाते. नाव राखावे. परंतु ते सांगताना दुसऱ्याचे नाव खाली ठेवावे लागत असेल, तर ते आपले खरे नाव नव्हे, असे समजावे. ही कसोटी प्रत्येकाने आपल्या मनाशी लावून पाहावी.

ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने एक साधी गोष्ट करण्याजोगी आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत बालकाचे नाव, मातापित्यांची व धर्ममातापित्यांची नावे आणि तारीख लिहिलेली असते. त्या वहीशेजारी कौटुंबिक आठवणींची एक वही ठेवावी. तीत प्रत्येक कुटुंबाने आपले मूळ गाव कोणते, घरात कोणती बोली, आजोबा कोणते काम करीत, आजी कोणते गाणे म्हणे, आणि आपण स्वतःस काय म्हणवितो, हे आपल्याच शब्दांत लिहावे. यंत्रमागावर काम करणाऱ्याने ते लिहावे, गोदामात राबणाऱ्यानेही लिहावे. दुसऱ्याने आपणांस कोणते नाव दिले हे आपला समाज साडेचारशे वर्षे ऐकत आला. आता आपण आपले नाव स्वतः सांगू आणि शेजाऱ्याचे त्याच्या तोंडून ऐकू. आणखी पन्नास वर्षांनी जे ही वही उघडतील, त्यांस आपण शिडी न देता ओळख दिली असे होईल.

‘ख्रिस्ती’ हे नावही आपण स्वतः घेतलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे की, शिष्यांस हे नाव प्रथम अंत्युखियात पडले. बाहेरच्या लोकांनी बहुधा ते उपहासाने दिले असावे. त्या शिष्यांत यहुदी होते, ग्रीक होते, दास होते, धनी होते. त्यांनी ते नाव झिडकारून अधिक प्रतिष्ठित नाव शोधले नाही, की त्याच्या बळावर रोमन सरकाराकडे जागा मागितली नाही. त्यांनी ते आपल्या वर्तनाने भरले, आणि म्हणूनच आज ते आपल्या वाट्यास आले आहे. १८८७ च्या ज्युबिलीत आपल्या वाडवडिलांनी राणीपुढे एक नाव ठेवले. आपल्या ह्या ज्युबिलीत आपण सर्व जण, साष्टीकर, वसईकर, गोंयकार, मंगळूरकर, मल्याळी, तमिळ, आदिवासी, आपापली नावे घेऊन वेदीपुढे उभे राहू, आणि पुढल्या रविवारी अंगणात एखादे नवीन कुटुंब दिसले तर “तुम्ही कोणांपैकी?” ह्या प्रश्नाआधी “या, बसा” एवढे म्हणू.